बुजवलेला झरोका

गॅरेजच्या माळ्यावर, छपराच्या फळीवर लेम्पीनं अंगठा टेकवला आणि अंगठा आत गेला. जोर लावावा लागलाच नाही. ओल्या पावात जावा तसा नखापर्यंत गेला, आणि तिनं तो झटक्यात बाहेर काढला तेव्हा त्याला काळा भुगा चिकटला होता. त्याच वेळी डोक्यावर धप्प झालं. बर्फाचं फावडं ओढल्याचा आवाज आला, मग बुटांचा. तिचा मुलगा वेस्ली बाहेर छपरावर उभा होता.

लेम्पीच्या छातीत धस्स झालं.

तसं तिच्या छातीत धस्स व्हायला फार काही लागायचं नाही. लेम्पी कार्वोनेन जन्माची भित्री. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभी हयात काढली, गावातल्या पोरांना आणि पुढं त्यांच्या पोरांना वाटाण्याचं सूप वाढलं, पण शेगडी पेटवताना शेवटच्या दिवसापर्यंत तोंड फिरवूनच काडी ओढली. सरोवर गोठलं की सगळा गाव त्यावर मासे धरायला जायचा. ही काठावर कॉफीचा थर्मास घेऊन उभी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, हिच्या पाठी तर त्याचं अख्खं खटलं होतं. तिचा नवरा ओन्नी नुसता हसायचा, आणि तो हसला की तिला धीर यायचा. मागच्या पानगळीत ओन्नी गेला. तेव्हापासून ती भीतीबरोबर एकटीच राहत होती.

आज ती माळ्यावर चढली ती मात्र हट्टानं. शनिवार होता. वेस्ली दर शनिवारी सौनाला, वाफेच्या आंघोळीला यायचा, आणि सौना तापेपर्यंत आईची छपरं मोकळी करून द्यायचा. सकाळी कॉफीत निसूचा गोड पाव बुडवताना त्यानं गॅरेजचा विषय काढला. गॅरेजमध्ये एका अंगाला गाडी, दुसऱ्या अंगाला शेगडी आणि लेम्पीचा माग. जुने कपडे फाडून, त्यांच्या पट्ट्या विणून ती सतरंज्या करायची. त्या मागावर आठवडाभर वरून थेंब पडत होते. छप्पर गळतंय, असं लेम्पीचं म्हणणं.

"गळायला बाहेर पाणी आहे कुठं, आई? सगळं दगडासारखं गोठलंय," वेस्ली म्हणाला. "ही आपलीच वाफ. तू शेगडी पेटवतेस, गाडीवरचं बर्फ वितळतं, ते सगळं वर जाऊन छपराला आतून चिकटतं. माळ्याला वारा पाहिजे."

"माळ्यावर कोण राहतंय वारा खायला?"

"लाकूड राहतंय."

लेम्पीला राग आला तो याच उत्तराचा. माळ्याच्या दोन्ही टोकांचे झरोके ओन्नीनं स्वतः बुजवले होते. सरोवरावरून वारा सुटला की पिठासारखं बारीक बर्फ झरोक्यांच्या पट्ट्यांतून आत यायचं. म्हणून सालो रस्त्यावरचे सगळेच लोक हिवाळ्याआधी झरोक्यांवर प्लायवूड ठोकायचे आणि आपण फार शहाणपणा केला म्हणून खूश व्हायचे. बाकीचे निदान वसंतात ते काढायचे. ओन्नीनं कायमचं ठोकून टाकलं, कारण माळ्यावर लेम्पीच्या चिंध्यांच्या पिशव्या होत्या आणि त्या भिजतात म्हणून ती एकदा कुरकुरली होती.

"तुझ्या बाबांनी हे गॅरेज एकहाती बांधलंय," ती म्हणाली होती. "त्यांना कळत नव्हतं होय?"

वेस्ली उठला. टोपीच्या कानपट्ट्या बांधून, फावडं घेऊन शिडीवर चढला. आणि त्याला खोटं पाडायचं म्हणून लेम्पीनं बॅटरी घेतली आणि आतल्या शिडीनं माळा गाठला.

आता तिनं बॅटरी फिरवली. छपरात ठोकलेल्या खिळ्यांची टोकं आत आली होती आणि प्रत्येक टोकावर पांढरं दंव गोठलं होतं. फळ्या काळ्या पडल्या होत्या. शेगडीच्या बरोबर वर तर त्या मधोमध पोटासारख्या खाली सुटल्या होत्या. वेस्लीच्या प्रत्येक पावलासरशी दंव झडून तिच्या केसांत पडत होतं. पोरगा रस्त्यावरचं बर्फ काढायच्या गाड्या चालवायचा, बसून बसून अंगानं चांगलाच सुटला होता. त्यात छपरावर कंबरभर बर्फ.

पावलं शेगडीच्या दिशेनं येत होती.

खाली उतरून अंगणातून हाक मारावी, तर तिच्या गुडघ्यांनी शिडी उतरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं असतं. शिवाय हाक ऐकली की वेस्ली सरळ कडेला चालत येतो, लहानपणापासूनची खोड. ओन्नीचा हातोडा वाशाच्या खिळ्याला अडकवलेला होता, तो तिनं ओढला आणि वाशावर मारला. पुन्हा मारला.

पावलं थांबली.

"वेस! हलू नकोस!"

"काय?" वरून दबका आवाज आला, आणि ऐकायला म्हणून त्यानं एक पाऊल पुढं टाकलं.

फळी मोडल्याचा आवाजही धड झाला नाही. नुसता फस्स झाला आणि वेस्लीचा पाय मांडीपर्यंत आत आला, लेम्पीच्या तोंडासमोर. भोकातून बर्फ कोसळलं, उजेड आला. बाजूची फळी हळूहळू वाकत होती. खाली शेगडी होती, मागाचा लोखंडी दांडा होता. तिनं हातोडा टाकला आणि दोन्ही हातांनी बुटाचा तळवा खांद्यावर घेतला. सुपाची भली थोरली पातेली उचललेले ते हात. ते सुटले नाहीत.

"आई, खाली हो! मी येतोय अंगावर!"

"गप्प. पालथा पड. हात पसर," ती म्हणाली, आणि आपला आवाज ऐकून तिलाच नवल वाटलं. "पाय मी ढकलते. फळीवर भार देऊ नकोस, वाशावर दे."

"वासा कुठाय? सगळं पांढरंच दिसतंय."

"मी ठोकते. ठोकीन तिथं ये."

पाय वर गेला. लेम्पीनं चाचपडत हातोडा शोधला आणि भोकाशेजारच्या वाशावर टोला दिला. वर काहीतरी सरपटलं. तिनं हातभर खाली सरकून पुन्हा टोला दिला. पुन्हा सरपटणं. फळ्या कुरकुरत होत्या आणि प्रत्येक कुरकुरीला तिचा जीव जात होता. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. ओन्नीनं घातलेले वासे फिरले नव्हते. ती ठोकत ठोकत, गुडघ्यांवर रांगत वळचणीपर्यंत गेली, तिथं डोकं वाशाला टेकून थांबली. बाहेर शिडी वाजली. मग अंगणातून वेस्लीचा आवाज आला, "उतरलो."

तेव्हा कुठं ती रडली, एकटीच, तोंडात मफलर कोंबून.

स्वयंपाकघरात कॉफी वेस्लीनंच ओतली. त्याची पँट मांडीवर फाटली होती, खरचटलं होतं. मी म्हटलं नव्हतं का, असं तो म्हणेल म्हणून ती वाट पाहत होती. तो म्हणाला नाही, त्यामुळं ती आणखीच घाबरली.

"बाबांना कळत होतं गं सगळं," तो म्हणाला. "मग असं का केलं त्यांनी?"

"माझ्या चिंध्या भिजतात म्हणून."

वेस्लीनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, आधी दोन्ही झरोके उघडतो, छपराचं वसंतात बघू, तोवर भोकावर ताडपत्री टाकू.

"तू नको," लेम्पी म्हणाली. "शिडी धर. मी उघडते."

"तुला भीती वाटेल."

"वाटतेच आहे."

ती पुन्हा माळ्यावर चढली. ओन्नीनं खिळे असे ठोकले होते, जणू गॅरेज सरोवरात लोटून बोट म्हणून चालवायचं होतं. एकेक खिळा उपटताना तो किंचाळायचा आणि तिला वाटायचं, आपण त्याच्या हातचं काहीतरी मोडतोय. उत्तरेकडचं प्लायवूड सुटलं तसा वारा थेट तोंडावर आला. पट्ट्यांमधून बारीक बर्फ आत झिरपायला लागलं, पिशव्यांवर, हातोड्यावर, तिच्या बाहीवर बसायला लागलं.

झरोक्याशेजारी खिळ्याला ओन्नीचा चौकड्यांचा लोकरी शर्ट लटकत होता. त्याचे बाकीचे कपडे तिनं हिवाळ्याच्या सुरुवातीलाच फाडून पट्ट्या केल्या होत्या. याला मात्र कात्री लागेना. त्याला आता कुबट वास येत होता आणि कॉलरवर बुरशीचे ठिपके होते. वाऱ्यानं बाही जराशी हलली. बर्फ त्याच्या खांद्यावर पडायला लागलं.

ओन्नी बाहेरून आला की याच खांद्यांवर बर्फ असायचं, आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येईतो त्याचं पाणी व्हायचं. फरशी ओली केलीस म्हणून ती जन्मभर त्याला बोलत आली होती.

"झालं का, आई?" खालून वेस्लीनं विचारलं.

"थांब जरा."

ती उभी राहून पाहत होती. शर्टाच्या खांद्यावरचं बर्फ काही वितळत नव्हतं.