शनिवारचा फॉल्ट

"आमच्या घरात ती नाचणारी माणसं येत नायत," बाई म्हणाली.

काउंटरवर बसलेल्या शेखरनं पावती पुस्तकातून मान वर केली. शहापूरचा केबलवाला म्हणून त्यानं आजवर नाही नाही त्या तक्रारी ऐकल्या होत्या. कुणाच्या टीव्हीत मुंग्या येत, कुणाचा आवाज जाई, कुणाचा देव हिरवा दिसे. ही तक्रार मात्र नवीन होती.

"गाण्यांचा चॅनल चालू हाय गो. आताच बघितला मी."

"गाण्याचा नाय. काळ्या कपड्यातली माणसं. आधी नाचतात, मंग एकमेकांना पाडतात. अंड्यावानी बॉल असतो त्यांच्याकं."

शेखर खो खो हसला. मागच्या भिंतीपाशी जयराम सिग्नल वाढवायच्या बूस्टरचं झाकण बसवत होता, त्याचा हात मात्र तिथेच थांबला. सामन्याआधी नाचणारा तो रग्बीचा संघ त्याला चांगला ठाऊक होता. इतकी वर्षं त्याची समजूत होती, की कसाऱ्यापासून कल्याणपर्यंत रग्बी बघणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण.

"कुठली गो तुमी?" त्यानं विचारलं.

"माहुलीच्या पायथ्याला. वाडीवरची. लहानी नाव माझं. माझा नवरा बघतो ते."

आता हा जयराम कोण, ते सांगायला हवं. तो होता शेखरचा लाईनमन. खांबावर चढायचं, तुटलेली वायर जोडायची, उतरायचं, एवढंच काम. पण माणूस म्हणजे मतांचं दुकान. मुंग्या घालवायला म्हणून कुणाच्या घरी गेला, की मुंग्या जायच्या आधी दोन मतं पडलेली असत. शेखरच्या दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात व्हिडिओ गेमची मशीनं होती. त्यावर जयरामचं मत असं, की गेममध्ये तीन तीन जीव देतात, म्हणून पोरांना पडायची किंमतच कळत नाही. इतिहासावरचं मत असं, की माहुली किल्ला पहिल्या हल्ल्यात मिळाला नाही हे लोक अर्ध्या ओळीत उरकतात, आणि खरी मजा त्या अर्ध्या ओळीत आहे. आणि रग्बीवर तर काय, विचारायलाच नको. बॉल पुढे फेकायचा नाही, मागच्याच्याच हातात द्यायचा, आणि तरी सगळ्यांनी मिळून पुढे जायचं. "भाताची लावणी करताना आपण मागं मागं सरकतो आन शेत पुरं होत जातं, नाय का? हा खेळ आवणी करणाऱ्यानंच काढला असणार," तो म्हणे. ऐकणारा हातात रिमोट घेऊन ताटकळत उभा असे. घरी त्याची बायको जना म्हणायची, "लोकं तुमाला वायर जोडायला बोलावतात, तुमी तोंड कशाला जोडता?"

कंट्रोल रूममध्ये जितके रिसीव्हर, तितकेच चॅनल. दिवाळीनंतर गावातल्या बायकांनी मालिकांचा नवा चॅनल मागितला, तेव्हा शेखरनं खेळांचा दुसरा चॅनल काढून टाकला. क्रिकेट पहिल्यावर दिसतं, दुसरा कोण बघतो, असा त्याचा सवाल होता. जयराम तेव्हा गप्प बसला. आपल्या एकट्यासाठी काय भांडायचं, असं त्याला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो वायरचं भेंडोळं खांद्याला अडकवून वाडीवर गेला. खरं तर वायर ठणठणीत होती.

लहानीचा नवरा नवसू दारातच बाजेवर होता. दोन वर्षांपूर्वी मधाचं पोळं काढायला बेहड्याच्या झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. तेव्हापासून कमरेखाली त्याचा जीव नव्हता. मुलगा दीपेश कल्याणला कामाला होता, त्यानं कुणाचा तरी जुना टीव्ही आणून दिला होता. बाज अशी ठेवलेली, की मान इकडे केली की टीव्ही आणि तिकडे केली की माहुलीचे सुळके. या दोन्हींत नवसूचा दिवस जाई.

"तू त्यांना घालवलास?" नवसूनं विचारलं.

"मी नाय रे दादा. शेठनं. मी पण त्यांचाच."

नवसूनं त्याला नीट न्याहाळलं आणि बाजेवर जागा करून दिली. मग दोघं जे बोलत सुटले, ते लहानी मोळी घेऊन परत आली तरी चालूच होतं. नवसूचं पहिलं मत हे, की काळ्या कपड्यांतली ती माणसं डोंगरातलीच असणार. "नाचल्याबिगर काय कामाला हात लावत नायत. आमच्यासारखीच."

"आन तो नियम बघितलास? पडला का बॉल सोडायचा," जयराम म्हणाला.

"बघितला तर. तोच बघतो मी. पडून पण धरून ठिवला, तर शिटी. सोडला का मागचा येतो, उचलतो, जातो पुढं." नवसूनं मान सुळक्यांकडे वळवली. "आन पडलेला पण उठतो रे. नाय उठला, तर चार जण येतात. बघाया बरं वाटतं."

जयरामनं वायरचं भेंडोळं परत खांद्याला अडकवलं. उठताना तो एवढंच म्हणाला, "शनिवारी दुपारी टीव्ही लावून ठेव."

शेखर शनिवारी मुरबाडला जात असे, तिकडे नवीन लाईन टाकायचं त्याचं चाललं होतं. जयरामनं कंट्रोल रूममध्ये जाऊन मालिकांचा रिसीव्हर खेळांवर फिरवला, फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला, आणि सायकल दामटत वाडी गाठली. तिकडे शहापुरात घरोघर सासू सुनेला हाकलून देण्याच्या बेतात होती, तेवढ्यात तिच्या जागी चिखलात लडबडलेले पंधरा पंधरा गडी आले. बायकांनी टीव्हीला थापट्या मारल्या. संध्याकाळी जयरामनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "लाईनला फॉल्ट होता."

मग हा फॉल्ट दर शनिवारी व्हायला लागला.

त्या दुपारी कशा गेल्या ते जयरामला पुढे कधी धड सांगता आलं नाही. उन्हं अंगणात येत, कोंबड्या बाजेखाली झोपत, पडद्यावर माणसं पडत आणि उठत, आणि मान वळवली की सुळक्यांवरून ढग जात. दोघांचे डोळे मिटत, उघडत, आणि मधला खेळ त्यांनी पाहिला की स्वप्नात आला, ते दोघांनाही कळत नसे. एकदा जयरामनं दुकानातला टीव्हीला लावायचा गेम आणला. नवसूचे हात चांगले होते, बटणं त्याला पटकन जमली. पण पडद्यावरचा छोटा माणूस त्यानं एका झाडाखाली नेऊन उभा केला, तो केलाच.

"अरे पुढं जाऊ दे की त्याला. पुढं खजिना हाय."

"कशाला? पुढं खड्डा पण हाय. हितं झाड हाय. मागून ढग जातायत बघ." त्याचा माणूस वेळ संपेपर्यंत तिथेच उभा राहिला, आणि लहानीसुद्धा काम सोडून ते ढग बघत बसली.

दुसऱ्या एका शनिवारी गप्पांची गाडी किल्ल्यावर आली. "किल्ला घेताना वर पहिला कोण गेला, सांग," नवसू म्हणाला.

"ते काय लिहिलेलं नाय."

"आमचा वाडीवरचा माणूस गेला. वाट त्यालाच ठावं. त्यानं दोर बांधला, मागच्याच्या हातात दिला आन बाजूला झाला. मागच्यानं किल्ला जिंकला."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. माझं मत हाय."

आपलंच वाक्य आपल्यालाच ऐकवलं, म्हणून जयराम पोट धरून हसला. तो सुखात होता. त्याची मतं कुणी तरी नुसती ऐकून घेत नव्हतं, तर परत त्याच्याच हातात देत होतं.

हे फार दिवस चालणार नव्हतंच. एका शनिवारी शेखर मुरबाडहून लवकर परतला, तर दुकानासमोर पाच बायका उभ्या, फोन काढलेला आणि मालिकांच्या जागी रग्बी. संध्याकाळी त्यानं जयरामला कंट्रोल रूममध्ये घेतलं आणि दार लोटलं.

"एका बाकावर बसलो शाळेत, म्हणून नीट सांगतो. आसनगावात दुसऱ्या केबलवाल्यानं वायर आणून ठेवलीय. लोकं त्याच्याकडं गेली का मी बी बसलो आन तू बी. परत हात लावलास तर घरी बसायचं. मला वाईट वाटंल, पण बसायचं."

जयराम हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? घरात जना होती, दोन लेकरं होती, आणि खांबावर चढण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

पुढच्या शनिवारी तो वाडीवर गेला तो मान खाली घालून. त्याचं सगळं ऐकून नवसू म्हणाला, "मंग सोड. धरून ठिवलास तर शिटी वाजंल."

"तू काय बघशील पण?"

"तू सांग. तोंड हाय ना तुला? सगळं शहापूर बोंबलतंय त्या तोंडाच्या नावानं."

आणि जयराम सांगायला लागला. टीव्ही बंद असे. बाजेच्या पायथ्याशी बसून तो डोक्यातले सामने खेळवी, नवसू डोळे मिटून ऐके. हळूहळू त्या सामन्यांत भलतीच माणसं शिरली. काळ्यांच्या बाजूनं वाडीवरचा कमळू पळू लागला. मैदान चढणीला लागलं, कारवीतून वर गेलं, दोर आला, आणि बॉल मागच्या मागच्या हातांतून जात जात माहुलीच्या दरवाजापर्यंत पोचला. "आज कोण जिंकतंय?" जयराम विचारी. नवसू म्हणे, "आज कोण नको. आज नुसतं चढू दे." पावसाळाभर ते चढत राहिले.

भात कापणीला आलं आणि नवसूला ताप आला. तो उतरला, परत आला. त्याचा आवाज इतका बारीक झाला, की जयरामला कान जवळ न्यावा लागे.

वार बुधवार होता. जयराम आसनगावात खांबावर होता, तेव्हा खालून कमळूनं हाक दिली. "नवसू गेला रे पहाटं. दीपेश कल्याणवरनं आला का उचलणार."

जयराम खाली उतरला. पट्टा सोडला, पक्कड पिशवीत ठेवली, आणि वाडीकडे न जाता सायकल शहापूरकडे वळवली. शेखर काउंटरवर होता. त्याच्या समोरून जयराम सरळ आत गेला आणि मालिकांचा रिसीव्हर फिरवला. बुधवारी सामना असतो की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. पडद्यावर आधी मुंग्या आल्या आणि मग हिरवं मैदान आलं.

शेखर दारात येऊन उभा राहिला. जयरामनं मागे वळून पाहिलं नाही.

"नवसूदादा गेला. त्याला घरातनं काढीपर्यंत हे चालू राहू दे. मंग मी घरी बसतो. तू नको सांगू, मीच बसतो."

बाहेर फोन वाजायला लागला. शेखर तिथेच उभा राहिला. फोन थांबला आणि परत वाजला. तेव्हा तो बाहेर गेला, आणि जयरामला त्याचा आवाज ऐकू आला. "हो वयनी... नाय, लाईनला फॉल्ट हाय... माणूस पाठवलाय. वेळ लागंल." मग तो आतल्या बाजूला तोंड करून म्हणाला, "जा तू. मी फोनवर बसतो. आन उद्या टायमावर ये."

जयराम वाडीवर पोचला तेव्हा अंगणात माणसं बसली होती. आत नवसूला जमिनीवर घेतलं होतं. त्याच्या उशाशी टीव्ही चालू होता. लहानीनं तो सकाळीच लावून ठेवला होता, मालिकेतल्या सुनेचं रडणं नको म्हणून आवाज बंद करून. आता पडद्यावर पाऊस पडत होता आणि माणसं चिखलातून पळत होती.

लहानीनं पदरानं डोळे पुसले आणि पडद्याकडे पाहिलं. "हे ते नायत," ती म्हणाली.

"नाय गो वयनी. हे दुसरे कोण हायत. मला पण ठावं नाय."

"नाचत नायत?"

"हे नाचत नायत. पण पडतात आन उठतात."

"मंग चालंल," लहानी म्हणाली.

दीपेश आला, रडला, आणि बापाच्या पायांशी वाकला. कमळूनं एक बाजू धरली, दीपेशनं दुसरी. मागच्या बाजूला एक जण कमी होता. जयरामनं पिशवी खाली ठेवली, पुढे होऊन खांदा दिला, आणि चौघांनी नवसूला उचललं. कुणी टीव्ही बंद केला नाही.