मिठातली वायर

सत्यवानाचं पत्र सोमवारी आलं आणि भिकाजीने ते उभ्याउभ्याच तीनदा वाचून काढलं. येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसात वाजता मुंबई आकाशवाणीवर सत्यवान दोन अभंग गाणार होता. गिरणीत काम करणारा आपला मुलगा रेडिओवर गाणार, आणि अख्ख्या वाडीत रेडिओ कोणाकडे? तर भिकाजीकडे! त्याने पत्राची घडी खिशात ठेवली आणि रेडिओ माळ्यावरून खाली काढला.

हा रेडिओ म्हणजे पेटाऱ्याएवढं लाकडी धूड. भिकाजी मुंबईला आगबोट कंपनीत शिपाई होता, तेव्हा विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाने तो त्याला दिला होता. मालवणात वीज येईपर्यंत त्याच्यावर फक्त दिवा ठेवत. वीज आली आणि तो बोलायला लागला. मिरगाचा पाऊस लागला की विजांच्या भीतीने तो गोणपाटात गुंडाळून माळ्यावर जायचा आणि अनंत चतुर्दशी झाली की खाली यायचा.

रेडिओ उतरला, पण त्याची वायर कुठे दिसेना.

"तुळसा, वायर खंय गो?"

"आसा मा बरणीत," त्याची बायको चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली.

"कसल्या बरणीत?"

"खाऱ्या बांगड्यांच्या. वायरीर कापडाचा वेष्टण, उंदरांनी खाल्ला असता. त्या बरणीर दगड असता, थंय उंदीर पोचना नाय."

भिकाजीने बरणीत हात घातला. चार बांगड्यांच्या खालून वायर निघाली. कापड मिठाने कडक झालं होतं, पितळ हिरवंगार पडलं होतं आणि जरा वाकवताच वायरीचा तुकडा मोडून हातात आला.

"मिठात बांगडो वरीसभर टिकता," तुळसाला खरंच नवल वाटलं, "मग वायर कित्याक नाय टिकली?"

यावर भिकाजीने तोंड उघडलं आणि पुढचा पाऊण तास तो बोलतच राहिला.

मंगळवारी त्याने बाजार पालथा घातला. त्या वायरीच्या एका टोकाला चिनीमातीचं बोंड होतं, त्याला दोन भोकं, आणि ती भोकं रेडिओच्या पाठच्या दोन जाड पितळी खुंट्यांवर बसायची. दुकानदारांनी ते बोंड उलटसुलट करून पाहिलं, हात हुंगले आणि नाही म्हणून सांगितलं. बुधवारी बाबली वायरमन घरी आला. त्याने नवी वायर सोलून तारा सरळ खुंट्यांना गुंडाळल्या आणि बटण दाबलं. फट्दिशी आवाज झाला, ठिणगी उडाली आणि फ्यूज गेला. रेडिओ वाचला, बाबलीच्या भुवया मात्र थोड्या कमी झाल्या.

"भिकाजीनू, असला बोंड इस्त्रीक असता," भुवई चोळत बाबली म्हणाला. "इजेच्या इस्त्रीक. वाडीत ती एकाकडेच आसा."

कोणाकडे, ते सांगायची गरज नव्हती. भिकाजीचं तोंड कारल्याचा रस प्यायल्यासारखं झालं.

मामलेदार कचेरीतला कारकून दाजी हा भिकाजीचा चुलतभाऊ. दोन घरांच्या मधे कुंपणाची बुटकी दगडी भिंत, म्हणजे गडगा होता. हा गडगा आपल्या हद्दीत वीतभर सरकलाय, असं दोघांचंही म्हणणं होतं आणि त्यावरून अकरा वर्षं त्यांनी एकमेकांशी शब्द बोललेला नव्हता. त्याआधी दाजी रोज तिन्हीसांजेला पेटी घेऊन यायचा आणि सत्यवानाला अभंग शिकवायचा. गडग्यापायी ती पेटीही बंद झाली. त्या पेटीची आठवण भिकाजीला अधूनमधून यायची, पण ते कबूल करण्यापेक्षा त्याने जीभ तोडून दिली असती.

गुरुवारी पाच वाजेपर्यंत त्याने दम धरला. मग त्याने तुळसाला गडग्यापाशी पाठवलं आणि स्वतः दाराआड उभा राहून ऐकत राहिला.

"वैनी, तेका सांगा," पलीकडून दाजीचा आवाज आला, "वायर देतलंय. पण माजी वायर माज्या नजरेआड होवची नाय. वायर थंय मी."

सव्वासातला दाजी आला. अंगात कडक इस्त्रीचा सदरा आणि काखेत वायर. इस्त्री त्याने घरीच ठेवली होती, बहुतेक भिकाजीचा भरवसा नसावा. तो भिकाजीकडे पाठ करून बसला. बोंड खुंट्यांवर असं चपखल बसलं की भिकाजीला रागच आला. रेडिओ तापला, घुमला, आणि निवेदकाने सत्यवानाचं नाव उच्चारलं. तुळसाने पदर तोंडाला लावला.

पहिला अभंग बरा झाला. दुसरा सुरू झाला तसं दाजीचं बोट गुडघ्यावर ताल धरू लागलं. त्या अभंगात एक उंच जागा होती. लहानपणी सत्यवान तिथे हटकून घसरायचा आणि दाजी पेटी थांबवून त्याला पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा. ती जागा जवळ आली तसा दाजी मान लांब करून रेडिओकडे सरकला. भिकाजीने डोळे मिटून घेतले. सत्यवान वर चढला, क्षणभर तिथे थांबला आणि अलगद खाली आला.

"सांभाळल्यान रे!" दाजी ओरडला. "भिक्या, तुज्या झिलान सांभाळल्यान!"

"तुजीच तालीम ती," भिकाजी म्हणाला.

मग आपण काय करून बसलो हे दोघांच्याही ध्यानात आलं. गाणं संपताच दाजीने घाईघाईने वायर उपटली, गुंडाळली आणि उंबऱ्यापाशी जाऊन थबकला.

"वैनी, तेका इचारा, उद्या बातम्यो किती वाजता लागतत?"

"भावजींका सांग," भिकाजी भिंतीकडे बघत म्हणाला, "सात वाजता."

तेव्हापासून दाजी रोज सातला वायर घेऊन यायचा. बातम्या झाल्या की कीर्तन, कीर्तन झालं की नाट्यसंगीत. हळूहळू तुळसामार्फत निरोप पाठवायचं दोघंही विसरले. गडग्याचा विषय मात्र दोघांनी नेटाने जपला, आणि त्यावर आता समोरासमोर भांडता येऊ लागलं.

दिवाळीच्या आधी मुंबईहून सत्यवानाचं पार्सल आलं. तुळसाने त्याला सगळं कळवलं होतं आणि त्याने अर्धी मुंबई धुंडाळून कोरी वायर पाठवली होती, चिनीमातीच्या बोंडासकट. भिकाजीने ती रेडिओला लावून पाहिली. अगदी चपखल बसत होती. त्याने घड्याळ पाहिलं, पावणेसात झाले होते. वायर काढून तो स्वयंपाकघरात गेला, बरणीवरचा दगड उचलला आणि ती कोरी वायर बांगड्यांच्या खाली मिठात पार तळापर्यंत दाबली.

"ह्या काय करतास तुमी?" तुळसा म्हणाली.

"उंदीर माजलेत," भिकाजी म्हणाला.

तुळसाने बरणीवर पुन्हा दगड ठेवला आणि तीन कप चहाचं आधण चढवलं.