प्राबूला न येणारं गाणं

विर्योकाकांच्या, आमच्या भाषेत पाक विर्योंच्या, ओसरीवरचा एक पिंजरा कायम कापडाखाली असायचा. आत प्राबू, त्यांचा मुराई पक्षी. पाठ काळीभोर, पोट तांबूस, शेपटी वीतभर लांब. आमच्या डोंगराखालच्या गावांत रविवारी पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा होतात. मुराई तिथे जिंकतो तो दुसऱ्या पक्ष्यांचं गाणं किती सफाईने उचललंय यावर. त्यासाठी पिल्लू लहान असतानाच त्याचा पिंजरा एखाद्या गुरू पक्ष्याशेजारी टांगतात. महिनोन्महिने ऐकून ते शिकतं, मग त्याच्याकडून पुढचं पिल्लू शिकतं. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत आलोय, पण इतके मन लावून ऐकणारे विद्यार्थी मला वर्गात क्वचितच मिळाले.

वेनिंग माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. पक्ष्यांवर संशोधन करणारी मुलगी. वरच्या रानात तिने झाडांना आवाज टिपणारी छोटी यंत्रं बांधली होती. तिला सुलिंग शोधायचा होता. सुलिंग म्हणजे बासरी. आमच्या डोंगरातल्या एका करड्या पक्ष्याला आम्ही त्याच्या आवाजावरून हे नाव दिलंय. माझ्या तरुणपणी तो पहाटे ऐकू यायचा. पुढे मुराईंचे गुरू म्हणून लोकांनी जाळी लावून सगळे धरून नेले.

मी तिला विर्योंकडे घेऊन गेलो.

"पाक गुरू, आज इकडे कसे?" विर्यो म्हणाले. "मुराई पाळायचा विचार आहे की काय?"

"माझ्या वर्गात आवाज कमी आहे का?" मी म्हणालो. "या वेनिंगताईंना तुमच्याशी बोलायचंय."

ती सरळ मुद्द्यावर आली. "पाक, सुलिंगचं गाणं कुणीच टिपून ठेवलेलं नाही. माझी यंत्रं रात्रंदिवस ऐकतात, पण त्यात काय शोधायचं ते मलाच माहीत नाही. ते गाणं तुमच्या प्राबूला येतं म्हणतात."

"येतं. माझ्या बाबांकडे सुलिंग होता. त्याच्याकडून बाबांचा मुराई शिकला, असं करत करत प्राबूपर्यंत आलं." त्यांनी कापडाची सुरकुती सारखी केली. "मैदानात पक्ष्यांचा इतका गोंधळ असतो की कुणाला ते चोरता येत नाही. पण शांत ओसरीवर टिपलेलं गाणं बाहेर गेलं, तर वर्षभरात घरोघरी प्राबू तयार होतील."

"बाहेर जाणार नाही."

"असं सगळेच म्हणतात, पोरी. आणि समज, सापडला सुलिंग. मग?"

"मग वरची दरी जाळीवाल्यांना बंद करता येईल."

विर्यो बराच वेळ कॉफी ढवळत बसले. साखर केव्हाच विरघळली होती. "ते जाळीवाले म्हणजे माझे बाबाच," ते म्हणाले आणि उठून त्यांनी कापड काढलं.

प्राबूने आधी दोनचार इकडच्या तिकडच्या ताना घेतल्या. मग मान वर करून एक लांब, गोल, वर वर चढत जाणारा सूर लावला. माझ्या हातातलं तळलेलं केळं हातातच राहिलं. तो पक्षी मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. त्याला कधी न पाहिलेल्या एका पक्ष्याने त्याचं गाणं जपून ठेवलं होतं.

वेनिंगने संगणकाला ते गाणं ओळखायला शिकवलं. त्यानंतर काही आठवड्यांनी ती धावतच माझ्या वर्गात आली. "पाक गुरू, सापडला! मुलांना ऐकवू?"

विर्योंनाही बोलावून घेतलं. मुलं चिडीचूप बसली. वाऱ्याचा आवाज, पानांची सळसळ, आणि त्यातून तोच वर चढणारा सूर. वेनिंगचे डोळे भरून आले होते. सूर थांबला आणि लगेच ऐकू आलं: टिंग टिंग, टिंग.

लास्त्री नावाची मुलगी पहिल्या बाकावरून म्हणाली, "ताई, सुलिंगला बाक्सो हवंय."

सगळा वर्ग हसत सुटला. वाडग्यावर चमचा वाजवत, खिम्याच्या गोळ्यांचं गरम सूप विकत गल्लीतून फिरणाऱ्या बाक्सोवाल्याला कोण ओळखणार नाही? विर्यो मात्र खाली बघत होते. "मागच्या वर्षी प्राबूचा भाऊ पिंजऱ्यातून उडाला होता," ते म्हणाले. "तोही माझ्याच ओसरीवर शिकलेला, सुलिंगचं गाणंही आणि गल्लीतला चमचाही."

मुलांबरोबर वेनिंगही हसली. नंतर मात्र ती शाळेच्या पायरीवर एकटीच बसली. मी शेजारी जाऊन बसलो.

"चूक कळली हे चांगलंच झालं ना?" मी म्हणालो.

"चांगलं झालं, पण पक्षी नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पण आता मला कळलंय की काय वगळायचं."

दुसऱ्या दिवशी ती परत रानात गेली. पुढचे कितीतरी आठवडे मी तिला पाहत होतो. बुटांत जळवा, पाठीवर बॅटऱ्या, घरी आल्यावर कानांवर हेडफोन. ज्या गाण्यात गावातला एखादा आवाज मिसळलेला असे, ते ती काढून टाकायची. चमचा निघाला, कोंबडा निघाला, एकदा तर मोटारसायकलचा भोंगा निघाला. संगणकाने शोधून दिलेल्या गाण्यांची यादी संपत आली तरी ती घाई करत नव्हती. हा धीर मी मुलांना शिकवायचा प्रयत्न करतो. तिच्याकडे तो होताच.

एका दुपारी ती मला घेऊन विर्योंकडे आली. ती संगणक उघडेपर्यंत विर्योंनी सवयीने प्राबूचा पिंजरा जवळ ओढला आणि कापड वर केलं. नवा आवाज म्हणजे त्यांच्यासाठी खजिनाच.

"सगळ्यात वरच्या यंत्रातलं आहे," वेनिंग म्हणाली.

तो सूर वर चढला आणि थांबला. आम्ही चमच्याची वाट पाहत होतो. चमचा वाजला नाही. पलीकडच्या झाडावरून दुसऱ्याच गळ्यातून तीन हलके सूर पायऱ्या उतरल्यासारखे खाली आले. मग पुन्हा पहिला सूर, पुन्हा ते तीन.

"हे प्राबूला येत नाही," विर्यो हळूच म्हणाले.

"ती मादी असावी. त्याला उत्तर देतेय."

"बाबा नरच आणायचे. मादी सापडली की सोडून द्यायचे." ते पिंजऱ्याकडे पाहत राहिले. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही अर्धंच गाणं सांभाळलं."

प्राबू दांडीवर पुढे सरकून, मान तिरपी करून ऐकत होता. हे तीन सूर त्याच्या गळ्यात बसले असते, तर त्याला हरवणारा पक्षी आसपास कुठे नव्हता. हे विर्योंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ते सूर कुठून आले, हे स्पर्धेतल्या प्रत्येकाने विचारलं असतं आणि जाळी घेऊन वरचं रान गाठलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"एकदा ऐकून शिकत नाहीत हे पक्षी," ते म्हणाले. त्यांनी कापड खाली सोडलं, पिंजरा खांद्याशी धरला, अंगण ओलांडून गल्लीच्या टोकाला बहिणीच्या घरी नेऊन ठेवला आणि परत आले. चप्पल काढून ओसरीवर बसले.

"हं. आता परत लाव."