तेवीस सेंटिमीटर

सकाळी सात वाजता माझ्या लेकीला, ख्वानाला, पाठीशी बांधून मी मापाच्या खांबाकडे जाते. खांब लेंगाच्या झाडांमध्ये, वारा पोचत नाही अशा जागी रोवलेला आहे. वाऱ्याने ढकललेला बर्फ खोटं बोलतो, असं तेरियो आजोबा म्हणतात. तीस वर्षं त्यांनी तोर्दोच्या डोंगरावर स्कीवाल्यांना वर नेणारा तारेवरचा पाळणा चालवला, खांबही त्यांनीच रोवला. मी गुडघे टेकून आकडा वाचते आणि आठच्या आत ऑफिसात बसून बर्फाचं पत्रक लिहिते: किती बर्फ, कसा बर्फ, पुढचे चार दिवस कसे, रस्ता चालू की बंद. साडेआठला ते गावच्या रेडिओवर वाचतात. पण मी ते ज्याच्यासाठी लिहिते तो पृथ्वीच्या वरच्या अर्ध्या भागात, आंदोरात बसून फोनवर वाचतो.

ऑक्तावियो, माझा नवरा, स्कीच्या उतारांवर बर्फ दाबायचं यंत्र चालवतो. आमचा हिवाळा जूनमध्ये सुरू होतो, तिकडचा डिसेंबरात. इथला हिवाळा संपला की नोव्हेंबरात तिकडच्या हिवाळ्याला जायचं आणि एप्रिलात परत यायचं, असं त्याचं आयुष्य. गेल्या वर्षी बर्फाअभावी तोर्दो स्कीसाठी अकराच दिवस उघडला, तेवढंच त्याला इथे काम मिळालं. म्हणून या एप्रिलात तो आला नाही. तिकडे पाळण्याचे खांब दुरुस्त करायचं काम ऑक्टोबरपर्यंत होतं. त्या कराराच्या कागदावर सही केली की ऑक्टोबर, आणि लगेच नोव्हेंबरात पुन्हा तिकडचाच हिवाळा. म्हणजे आणखी एक अख्खं वर्ष. सही करायची मुदत होती बुधवार, तिकडचे दुपारचे तीन, आमचे सकाळचे दहा. एकवीस जूनला तोर्दो उघडणार अशी खात्री पटली तर सही न करता परत येईन, असं त्याने मेमध्येच सांगितलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चौतीस सेंटिमीटर पडला. मी चौतीस लिहिलं आणि त्या दिवशी तळलेल्या पोळ्या केल्या. मग आभाळ उघडं पडलं, ऊन लागलं, डोंगरावरून गरम वारा उतरला. खांबावर एकतीस दिसले. अठ्ठावीस. ऑफिसातले माझे वरिष्ठ ओयार्सुन साहेब म्हणाले, "नवा पडेपर्यंत आकडा राहू दे तसाच. लोक हॉटेलातल्या ठरवलेल्या खोल्या सोडायला लागतील." मी राहू दिला. साहेबांनी सांगितलं म्हणून नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मंगळवारी ख्वानाचा खोकला ऐकत मी चुलीत लाकूड सारत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं, तिथला बर्फ सिमेंटचा आहे का?"

"म्हणजे?"

"चौतीस, चौतीस, चौतीस, चौतीस. चार दिवस एक कण नवा पडलेला नाही, वर ऊन. बर्फ बसतो गं, रोमिना. माझ्यासारख्या माणसाला सांगतेस?"

ख्वाना फोनच्या काचेवर बोट ठेवून "बाबा, बाबा" म्हणायला लागली. नोव्हेंबरात तो गेला तेव्हा ती दीड वर्षाची होती. तिच्यासाठी बाबा म्हणजे ही काच.

"शुक्रवारपासून मोठं वादळ येतंय," मी म्हटलं. "नकाशे सगळे तेच सांगतायत. साठ-सत्तर तरी पडेल."

"चौतीसही तूच सांगितलेस."

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो थकल्यासारखा बोलला. फोन ठेवल्यावर मी ख्वानाच्या छातीला कान लावला, मग कपाळाला गाल, मग पुन्हा छातीला. घरघर नव्हती. मग खिडकीशी जाऊन वादळाच्या बाजूला बघत बसले. तिकडे एक ढग नव्हता.

खरं वादळ येत होतं आणि ते मी सांगितलं म्हणून कोणाला खरं वाटणार नव्हतं.

बुधवारी खांबावर तेवीस होते. मी बर्फ हाताने चाचपला, दुसऱ्या बाजूनेही वाचलं. तेवीसच. कुंपणापाशी तेरियो आजोबा घोड्यांना गवत टाकत होते. त्यांच्या तीन घोड्या वर पेउएनच्या झाडांच्या रानात मोकळ्या सोडलेल्या असतात. मोठा बर्फ यायच्या दोन दिवस आधी न बोलावता खाली येऊन कुंपणाशी उभ्या राहतात. गावात हवामानखात्यापेक्षा त्यांनाच जास्त मान.

"दोनच आल्यात?" मी विचारलं.

"दोन आल्यात. म्हातारी वरच आहे."

"मग वादळ येणार की नाही, आजोबा?"

"ते म्हातारीला विचार. तिचं माझ्याशी तरी कुठे पटतंय." त्यांनी ख्वानाचं टोपडं कानांवर ओढलं. "पोरी, आज काय लिहिणार आहेस?"

"काय आहे ते."

"मग मान खाली घालून का चाललीस?"

पत्रकात मी लिहिलं: खांबावर तेवीस सेंटिमीटर. गेल्या चार दिवसांचा चौतीस हा आकडा चुकीचा होता, तो मी कमी केला नव्हता. शुक्रवार दुपारपासून रविवारपर्यंत जोरदार बर्फाची शक्यता, साठ ते ऐंशी. गावाकडे येणारा घाटरस्ता शुक्रवारी संध्याकाळनंतर बंद होऊ शकतो.

ओयार्सुन साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "हे पत्रक आहे, रोमिना. पाद्र्यापुढची कबुली नाही."

"हो, साहेब."

"अकरा सेंटिमीटर एका रात्रीत गेले म्हणून लोक हसतील."

"रात्रीत नाही गेले. म्हणून तर लिहिलंय."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "वादळ आलं नाही तर उद्यापासून हे तुझ्याऐवजी घोड्या लिहितील," आणि कागद रेडिओला पाठवायला घेऊन गेले.

नऊ वाजले. सव्वानऊ. मी ख्वानाला मांडीवर घेऊन भाकरीचा तुकडा बारीक करून भरवत होते. तिने एखादा घास नीट गिळला नाही की माझा हात थांबत होता. साडेनऊला फोन आला.

"तेवीस?"

"तेवीस."

"खांबाच्या दोन्ही बाजूंनी?"

"दोन्ही बाजूंनी."

तिकडे कोणीतरी हातोड्याने लोखंड ठोकत होतं. "आणि घोड्या?"

तिन्ही आल्या म्हणायला एक श्वास पुरला असता. "दोन," मी म्हटलं. "म्हातारी अजून वर आहे."

तो हसला. सात महिन्यांत पहिल्यांदा त्याचं हसणं मला ऐकू आलं, नुसतं दिसलं नाही. "ती नेहमी उशीर करते. ठीक आहे."

"काय ठीक आहे?"

"सही नाही करत. उद्याचं विमान मिळतं का बघतो." मग म्हणाला, "पण तुझा अंदाज बरोबर निघाला तर मी पोचेपर्यंत घाट बंद होईल, कळतंय ना तुला?"

"कळतंय. मीच लिहिलंय."

गुरुवारी म्हातारी घोडी कुंपणाशी येऊन उभी राहिली. शुक्रवारी तीनच्या सुमारास वारा पडला, डोंगर दिसेनासा झाला आणि पहिले कण तिच्या पाठीवर टिकले. महिनाभर ज्या बर्फाची वाट पाहिली त्याच्याकडे बघून, आणखी फक्त एक दिवस थांब, असं मी मनात म्हणत होते. सहा वाजता घाट बंद झाला. ऑक्तावियोची बस शनिवारी दुपारी घाटाच्या पायथ्याच्या गावात पोचली आणि तिथेच थांबली. इथून बावन्न किलोमीटर.

"आताही तू मला काचेतच दिसतोस," मी फोनवर म्हटलं.

"नाही. इथेही तोच बर्फ पडतोय. खिडकीतून हात बाहेर काढलाय."

मी पण काढला. ख्वानाचाही हात धरून बाहेर काढला, आणि लगेच आत घेऊन चोळून कोरडा केला.

रविवारी सकाळी खांबापर्यंत जायला एरवीच्या तिप्पट वेळ लागला. ख्वाना पाठीवर गप्प होती, मी दर दहा पावलांना मागे हात नेऊन तिचं नाक गरम आहे का बघत होते. खांबाचे लाल-पांढरे पट्टे जवळजवळ बुडाले होते. मी दोन्ही बाजूंनी वाचलं.

ऑफिसात बसून लिहिलं: खांबावर ब्याण्णव सेंटिमीटर. बर्फ कोरडा. तोर्दो ठरल्याप्रमाणे एकवीसला उघडेल. वारा ओसरतो आहे, सोमवारी आकाश मोकळं.

शेवटची ओळ राहिली होती. बर्फ काढणारी गाडी वरून निघाली होती, पण निम्म्या घाटापर्यंतच पोचली होती. दुपारपर्यंत सुटेल, असं लिहावंसं वाटलं. ख्वाना टेबलाखाली बसून माझ्या बुटाची नाडी चोखत होती. ती मी तिच्या तोंडातून काढली, पुसली, आणि लिहिलं: रस्ता बंद.