उजव्या हाताची पावलं

"हलू नका हं, आजोबा," म्हणत व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी म्हाताऱ्याच्या पायजम्याच्या नाडीजवळ एक चिमुकलं यंत्र अडकवलं.

"हे आणि कशाला? हातात आहे की एक."

"हातातल्यावर माझा भरवसा नाही."

म्हाताऱ्याचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. दोन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कंपाला हल्ली उसंत नव्हती. त्याच मनगटावर मुलाने पावलं मोजणारा पट्टा बांधला होता. संध्याकाळी कामावरून आला, की मुलगा आधी बापाचं मनगट बघायचा, मग तोंड. "वा बाबा! मला मागे टाकलंत!" नातेवाइकांच्या ग्रुपवर आकडा जायचा आणि टाळ्या पडायच्या. परवा त्याने बाईंना सांगून टाकलं, पुढच्या आठवड्यापासून येऊ नका, बाबा मस्त चालतात.

मस्त कसले, डोंबल! म्हाताऱ्याचे गुडघे लाकडासारखे झाले होते. व्यायाम सुटला तर तो अंथरूण धरणार, हे बाईंना दिसत होतं. म्हणून आज सुट्टीचा दिवस गाठून त्या मुलासमोरच हिशेब करायला बसल्या होत्या.

"राहू दे गं बाई," म्हातारा पुटपुटला.

बाईंना वाटलं, संकोचतोय बिचारा.

खुर्चीपासून खिडकीपर्यंत आणि परत, एवढंच चालणं झालं. मग सगळे बसून राहिले. चहा होऊन कप निवले. बाईंनी दोन्ही आकडे मुलापुढे धरले. कमरेवर चोवीस. हातावर तेवढ्याच वेळात सातशेच्या वर, आणि तो आकडा बसल्याबसल्याही चढतच होता.

"बघितलंत? कंपाला पावलं समजतोय तो. आजोबा चालतच नाहीत. व्यायाम वाढवायला हवा, थांबवायचा कसला?"

मुलाने दोन्ही आकडे पुन्हा एकदा वाचले. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाला, "ऐकलंस का गं? बाबा चालतच नाहीयेत."

"मी काय सांगत होते?" सून आतूनच म्हणाली. "त्या वृद्धाश्रमवाल्यांना फोन कर. खोली जाईल नाहीतर."

बाई गडबडल्या. "अहो, मी व्यायामासाठी म्हटलं..."

"तुमचे उपकार झाले, ताई," मुलगा फोन उचलत म्हणाला. " आमचं ठरलं होतं, स्वतःच्या पायावर आहेत तोवर घरात. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. अंथरुणातल्या माणसाचं करणार कोण?"

बाईंचा चेहरा उतरला. काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हाताऱ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"गेल्या महिन्यापर्यंत तर फाटकापर्यंत जात होतात. कंपही कमी होता. गोळ्या घेता ना वेळेवर?"

म्हाताऱ्याने मनगटावरच्या पट्ट्यावर डावा हात ठेवला.

"बाबा, त्या काय विचारताहेत? गोळ्या घेता ना?" मुलगा वैतागला.

"नाही."

"नाही? कधीपासून?"

"गोळी घेतली, की हात थांबतो रे." म्हाताऱ्याने मान वर केली. "गेल्या महिन्यात एकदा आकडा कमी आला होता. तू बोलला नाहीस माझ्याशी. जेवायलासुद्धा हाक मारली नाहीस."

मुलाने फोन कानाला लावलाच होता. पलीकडून कुणीतरी बोललं.

"हो हो," तो म्हणाला. "उद्या सकाळी चालेल."