घरच्या धावा

डावखुऱ्याने उठून पंख्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि अध्यक्षांसमोरचे कागद उडतील याची वाट पाहत तो भिंतीशी उभा राहिला. दोन उडाले. अध्यक्षांनी उरलेल्यांवर चष्म्याचं घर ठेवलं, चिटणीस उडालेले गोळा करायला टेबलाखाली वाकला आणि किपर काहीच न झाल्यासारखा खिडकीबाहेर बघत राहिला.

"उकडतंय," डावखुरा म्हणाला.

"हो ना. बसा आता," अध्यक्ष म्हणाले.

निवड समितीची बैठक सकाळपासून चालली होती. परदेश दौऱ्याचा संघ जवळजवळ ठरला होता, एका फलंदाजाची जागा तेवढी अडली होती. समितीत तिघे, आणि तिघेही एके काळी एकाच संघातून कसोटी खेळलेले. अध्यक्ष तेव्हाचे कर्णधार, किपर यष्टींमागे आणि डावखुरा चौथ्या क्रमांकावर. त्या काळात अध्यक्ष आणि डावखुरा दौऱ्यावर एकाच खोलीत उतरत, एकमेकांचे मोजे घालत आणि अरे-तुरेशिवाय बोलत नसत. आता अहो-जाहो चालायचं. मैत्रीच्या दिवसांत दोघांनी एकमेकांना इतका मान कधी दिला नव्हता.

याला कारण अध्यक्षांचं सदर. निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी वर्तमानपत्रात लिहू लागले आणि फलंदाज जोखायची त्यांची मोजपट्टी एकच होती: बाहेर जाऊन काय केलं ते सांगा. 'घरच्या खेळपट्टीवरच्या धावा म्हणजे आईने तपासलेला पेपर,' असं त्यांनी पहिल्याच लेखात लिहिलं. वाक्य लोकांना इतकं आवडलं की न्हाव्याच्या दुकानातली गिऱ्हाइकंही ते आपलंच असल्यासारखं एकमेकांना ऐकवू लागली. मोजपट्टीला उदाहरण लागतं, आणि उदाहरण होता डावखुरा. घरी धावांच्या राशी, बाहेरच्या दौऱ्यांत एकदाही पन्नाशी नाही. नवा कोणी परदेशात ढेपाळला की अध्यक्ष लिहायचे, 'आणखी एक डावखुरा.' आकडे खोटे असते तर भांडून मन तरी मोकळं करता आलं असतं. पण आकडे खरे होते. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत कोणीतरी ओळखायचं, गालातल्या गालात हसायचं आणि म्हणायचं, "घरचे वाघ ना तुम्ही?" वर सहीसुद्धा मागायचं.

आणि आता त्या अडलेल्या जागेसाठी पहिलं नाव होतं अध्यक्षांच्या जावयाचं. घरी धावांचा पाऊस, बाहेरचे दोन दौरे कोरडे. डावखुऱ्याच्या हातात आयतं कोलीत आलं होतं.

चिटणिसाने घसा साफ केला. "साहेब, नात्यातला खेळाडू आहे. आपल्याला थोडा वेळ बाहेर..."

"माहीत आहे मला," अध्यक्ष म्हणाले, पण उठले नाहीत. पेनाचं टोपण लावत बसले.

"नियम तुम्हीच आणलात," डावखुरा म्हणाला. "आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

अध्यक्ष उठले. जाताना त्यांनी डावखुऱ्याकडे बघितलं नाही. समोरच्या पडद्यावर जावई बॅट टेकवून पवित्रा घेतलेला, तसाच थांबवून ठेवला होता. त्याच्याकडे बघत ते बाहेर गेले.

दार लागल्याबरोबर किपरने आपली वाकडी बोटं मोडली. आयुष्यभर चेंडू झेलून त्यातलं एकही बोट सरळ राहिलं नव्हतं.

"घे, काढ उट्टं," तो म्हणाला. "मी तुझ्या बाजूने आहे."

"तू कुणाच्या बाजूने नसतोस?"

किपर हसला. त्याचं मत म्हणजे अळवावरचं पाणी, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

डावखुऱ्याने या क्षणाची तयारी केली होती. आज दाढी करताना त्याने अध्यक्षांची वाक्यं आरशासमोर म्हणून पाहिली होती. तीच वाक्यं, त्याच क्रमाने, त्यांच्याच जावयासाठी इतिवृत्तात घालायची आणि खाली सही करायची. जागेसाठी दुसरं नाव होतं एका उंच फलंदाजाचं. तो घरी बेताचा खेळायचा, पण बाहेर टिकून राहायचा. अध्यक्षांच्या मोजपट्टीने तर तोच जायला हवा. डावखुऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"आधी परदेशातलं बाद होणं दाखवा," त्याने चिटणिसाला सांगितलं. "एकेक. घाई नाही."

पहिल्यांदा जावई स्लिपमध्ये झेल देऊन गेला. किपर च्-च् करत हसला. दुसऱ्यांदाही तसाच गेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तसाच. तोवर डावखुऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं होतं.

"परत लावा," तो म्हणाला. "हळू लावा."

पुढचा पाय निघत होता आणि अर्ध्यावरच थबकत होता. चेंडू शेवटच्या घटकेला बाहेर जायचा आणि नुसते हात त्याच्यामागे जायचे. घरी चेंडू मुकाट सरळ येतो, तिथे हातांवर भागून जातं. बाहेर भागत नाही. डावखुरा खुर्चीत पुढे सरकला. तो पाय त्याच्या ओळखीचा होता. टीव्हीवर कधी आपली परदेशातली खेळी लागली की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा, त्यामुळे तो पाय त्याने बाहेरून कधी पाहिला नव्हता. पण आतून त्याला तो पुरता ठाऊक होता. इतकी वर्षं तो त्याला पाय समजत नव्हता. आपण भित्रे आहोत असं समजत होता.

"काय झालं?" किपरने विचारलं. "लिहून द्यायचं ना?"

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि अध्यक्षांनी डोकं आत घातलं.

"जरा बाहेर या. एक मिनिट."

"साहेब, नियमाप्रमाणे..." चिटणीस म्हणाला.

"नियम मला शिकवू नका."

डावखुरा उठला. आता विनवणी येणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं आणि ती त्याला शांतपणे, उभ्याने, अगदी शेवटपर्यंत ऐकायची होती. बाहेरच्या लांब बोळात नुकतीच फरशी पुसलेली होती. अध्यक्ष खिडकीपाशी जाऊन थांबले. खाली मैदानावर दोघेजण खेळपट्टीवर रोलर फिरवत होते.

"त्याला घेऊ नकोस," अध्यक्ष म्हणाले.

डावखुऱ्याला आधी तो एकेरी उल्लेख ऐकू आला, अर्थ मागाहून.

"काय म्हणालात?"

"जावयाला घेऊ नकोस. त्या उंचाला घे. मी नाही म्हणू शकत, पोरगी कालपासून मागे लागलीय की बाबा बघा काहीतरी. तू नाही म्हण. तुझ्या नावावर खपून जाईल. लोक म्हणतील, जुनं उट्टं काढलं."

डावखुऱ्याला हसावं की मारावं ते कळेना. "म्हणजे शिव्या मी खायच्या."

"तुला काय फरक पडतो? तिथे हसं होईल रे त्याचं. तुझ्यासारखा होऊन परत येईल. ना कुणाशी बोलणार, ना कुणाकडे बघणार. माझी मुलगी आहे त्या घरात."

"हसं होईल हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"पाय नाही का बघितलास? येतच नाही चेंडूपर्यंत. पहिल्या सरावात दिसतं ते. तुझंही दिसलं होतं."

बोलून गेल्यावर अध्यक्षांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"दिसलं होतं," डावखुरा म्हणाला.

"जुन्या गोष्टी आता उकरून..."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी?"

"एका खोलीत झोपत होतो आपण!" त्याचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत गेला. "एका खोलीत. तुमच्यासमोर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. मला वाटायचं मी भित्रा आहे. बायकोलासुद्धा तेच सांगितलं मी. आणि तुम्ही वर पेपरात लिहीत राहिलात, बाहेर खेळायला काळीज लागतं, काळीज. काळीज नव्हतं ते, पाय होता!"

अध्यक्ष काच पुसत राहिले. खाली रोलरवाल्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

"त्याला तरी सांगितलंत का?" डावखुऱ्याने विचारलं.

"कुणाला?"

"जावयाला."

"त्याला कसं सांगणार?" अध्यक्षांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "जावई आहे तो. घरी आला, जेवायला बसला की म्हणू का, बाबा रे, तुला खेळता येत नाही? सासऱ्याने असं बोलायचं नसतं. आपण बोलून मोकळे होतो आणि मागे मुलीला निस्तरावं लागतं. आपलेच दात, आपलेच ओठ."

"खोलीतल्या मित्राला सांगितलं नाही, घरातल्या जावयाला सांगितलं नाही. मग सांगता तरी कुणाला? रविवारी पेपर वाचणाऱ्यांना?"

तो वळला आणि ओल्या फरशीवरून भरभर चालत आत आला. मागून अध्यक्ष आले.

"लिहा," डावखुरा खुर्चीतही न बसता म्हणाला. "जावई."

चिटणिसाने मान वर केली. "म्हणजे नको म्हणून लिहू ना?"

"संघात घेतला म्हणून लिहा."

किपरचं तोंड उघडं राहिलं. "अरे, पण मघाशी तर तू..."

"मघाचं मघाशी. तुझं काय ते सांग."

"मी? तू म्हणशील तसं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" अध्यक्ष दारातूनच ओरडले. "बाहेर मी तुला काय सांगितलं? त्याचा बळी देऊन माझ्यावर सूड घेतोस?"

"तुम्हाला इथे मत नाही," डावखुरा म्हणाला. "आणि सूड म्हणायचा तर म्हणा."

चिटणिसाने लिहिलं. संघाच्या याद्या जाहीर होण्याआधी ज्याने नाव सुचवलं त्यानेच खेळाडूला फोन करून कळवायचं, अशी समितीची जुनी रीत होती. सहसा हा फोन आनंदाचा असायचा आणि तो करायला सगळे टपलेले असायचे. डावखुऱ्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला. अध्यक्ष दोन पावलं पुढे आले, पण फोन वाजू लागला होता.

"हॅलो, सर?" जावयाने लगेच उचलला. मागे भांड्यांचा आवाज आणि बाईचा आवाज: "कोण आहे? समितीचा आहे का?"

"संघात आहेस तू," डावखुरा म्हणाला.

"थँक्यू सर! खरं सांगू, मला वाटलंच नव्हतं की तुम्ही..."

"थांब. आभार राहू देत. कागद-पेन्सिल नको, नुसतं ऐक. तुझा पुढचा पाय अर्ध्यावर थांबतो. चेंडूपर्यंत जात नाही. घरी हात सांभाळून घेतात, बाहेर नाही घेत, म्हणून तू दरवेळी स्लिपमध्ये झेल देतोस. घाबरतोस वगैरे जे काही वाटत असेल ते डोक्यातून काढून टाक. उद्या सकाळी मैदानावर ये. मी चेंडू टाकीन, तू पाय काढ. दौऱ्यापर्यंत जमेल की नाही ते मला सांगता येणार नाही. मला जमलं नाही, कारण मला ठाऊकच नव्हतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"माझं चुकतंय काहीतरी, हे कळत होतं सर," जावई म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "सगळे म्हणायचे, मन घट्ट कर. मी पण म्हणायचो, माझंच मन कच्चं आहे. पण इतकी साधी गोष्ट आजवर कुणाच्याच कशी लक्षात आली नाही?"

किपर पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. चिटणीस पेन हातात धरून थांबला.

डावखुऱ्याने फोन टेबलावरून सरकवत अध्यक्षांच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवला.

"लक्षात आली होती," तो फोनकडे वाकून म्हणाला. "विचार त्यांनाच. इथेच आहेत."

"कोण, सर?"

अध्यक्षांनी डावखुऱ्याकडे बघितलं. त्या नजरेत आता अध्यक्षपणा नव्हता. एके काळी मोजे मागायला ते जसे बघायचे, तसं ते बघत होते. डावखुऱ्याने हाताची घडी घातली.

"हॅलो?" फोनमधून जावई म्हणाला. मग तिकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली आणि मुलीचा आवाज आला, अगदी जवळून.

"बाबा, तुम्ही आहात का तिथे?"