लाँड्रीमागची माघार

मावशीच्या लाँड्रीमागे एक खोली आहे. आधी तिथे चादरी वाळत घालायचे. मग ड्रायर आला आणि खोली रिकामी पडली. रिकामी जागा दिसली की माणसं बरोबर वास काढत येतात, तशी तिथे तीन माणसं आली. दर रविवारी दुपारी. लढायांची पुस्तकं घेऊन.

त्यांना नावं मी ठेवली. पहिला कोपऱ्यावरचा औषधवाला. तो फक्त रणगाड्यांवरचं वाचतो, म्हणून रणगाडे. स्वतःची स्कूटर चालू करायला मात्र शेजारच्याला हाक मारतो. दुसरे आमच्या शाळेतले भूगोलाचे सर. त्यांचं सगळं युद्धनौकांवर, म्हणून आरमार. पाण्याला इतके घाबरतात की शाळेची सहल तळ्यावर गेली होती तेव्हा हे बसमधून उतरलेच नाहीत. तिसरे गोदामात मालाची चढउतार बघतात. त्यांच्या मते लढाई जिंकतो तो स्वयंपाकी, बाकीचे नुसते ओरडायला असतात. म्हणून रसद. आणलेली बिस्किटं सगळ्यात आधी तेच संपवतात.

खोलीत कायदा एकच. पुस्तक पुढे केल्याशिवाय मत द्यायचं नाही. कुणी म्हणालं की अमका सेनापती गाढव होता, तर दुसरा विचारणार, "कशावरून?" मग पहिल्याने रॅकमधून पुस्तक काढून त्याच्या हातात द्यायचं. "हे वाच, मग बोल." तो ते घरी नेणार, वाचणार आणि पुढच्या रविवारी दुसरंच एक जाडजूड आणून आदळणार. "आता तू हे वाच." भांडण असं महिनोन्महिने चालायचं. आमच्या घरी रोज भांडणं होतात, पण इतकी सावकाश भांडणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

मी तेव्हा नुकतीच शाळा सोडली होती. गणिताच्या बाईंशी वाजलं आणि मी दप्तर उचलून निघाले ते निघालेच. मावशीने इस्त्रीवर बसवलं. एका रविवारी कपड्यांचं गाठोडं घेऊन खोलीवरून जात होते, तर आतून रणगाड्यांचा आवाज. पायदळ म्हणजे नुसती गर्दी, म्हणे.

मी दारातूनच म्हटलं, "मग शहर जिंकल्यावर घराघरात कोण शिरतं? रणगाडा जिना चढतो काय?"

रसद इतके हसले की बिस्किट नाकात गेलं. रणगाड्यांनी रॅकमधलं सगळ्यात वजनदार पुस्तक काढलं. "हे वाच, मग बोल."

मला डिवचलेलं खपत नाही. वाचलं. त्या नादात एका गिऱ्हाइकाचा शर्टही जाळला. पुढच्या रविवारी पुस्तक परत ठेवलं आणि म्हटलं, "वाचलं. तुम्ही अजूनही चूकच."

तेव्हापासून माझी खुर्ची पक्की झाली. आरमार सरांना थोडं अवघड गेलं, कारण माझ्या प्रगतीपुस्तकावर 'वाचनाची आवड नाही' हा शेरा त्यांच्याच अक्षरातला. पण तेही हळूहळू पुस्तकं द्यायला लागले. बाहेर जो भेटेल तो विचारायचा, आता पुढे काय करणार? त्या खोलीत कुणी विचारायचं नाही. तिथे मला फक्त हे सांगायला लागायचं की किल्ल्यातले लोक आधी का शरण गेले नाहीत.

आणि मग एक दिवस मावशी म्हणाली, "हॉटेलच्या चादरींचं काम मिळालंय. मोठं मशीन येतंय. मागची खोली लागेल. तुझ्या त्या मंडळींना सांग."

"तूच सांग की!"

"मला नाही गं त्यांच्याशी बोलवत. मागे एकदा विचारलं, चहा घेणार का. तर चहाची जहाजं कुठे कुठे बुडाली ते ऐकवत बसले. इकडे गिऱ्हाइकं खोळंबली."

माझं डोकं सटकलं. त्या खोलीशिवाय मला होतं काय? इस्त्री! रविवारी मी तणतणत जाऊन तिघांना सांगितलं. मला वाटलं, आता पेटतील.

तर चेहरे उजळले त्यांचे! शप्पथ सांगते. जन्मभर दुसऱ्यांच्या लढाया वाचल्या, आज स्वतःची चालून आली होती. आरमार सरांनी लगेच कागद पसरला आणि लाँड्रीचा नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला. मावशीच्या काउंटरवर लाल पेन्सिलीने गोल केला.

"शत्रूच्या आधी आपण हालचाल करायची," रणगाडे म्हणाले.

"म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"म्हणजे... त्यावर एक फार सुंदर पुस्तक आहे." आणि ते माझ्या हातात आलं.

"नाकेबंदी," सर म्हणाले. "आजपासून कुणी तिच्याकडे कपडे टाकायचे नाहीत."

"अहो सर, आपले तिघांचे मिळून चार शर्ट असतात," रसद म्हणाले. "त्यातले दोन तुम्ही घरीच धुता. त्या बाईला पत्ता तरी लागेल का?"

मला राहवेना. "अहो, कुणीतरी सरळ जा ना! मावशीला म्हणा, खोली आम्हाला हवीय."

 तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी वाईट बोलले.

"समोरून?" रणगाडे म्हणाले. "बाळ, समोरून चाल करून किती माणसं फुकट मेलीत, कल्पना आहे तुला?"

"मावशी मारत नाही हो!"

"तू तिची भाची, तुला तसंच वाटणार."

पुढच्या रविवारीही नकाशाच. मला हेरगिरीला लावलं. 'ताई आज कशा आहेत? मशीनवाल्याशी फोनवर काय बोलल्या?' मी सगळं येऊन सांगायचे, ते माना डोलवायचे, पेन्सिलीने बाण काढायचे आणि एकमेकांच्या हातात पुस्तकं ठेवायचे. वेढ्यावर एक, फितुरीवर दोन, रात्रीच्या छाप्यावर एक. काउंटरपर्यंत जायला दहा पावलंसुद्धा लागत नाहीत, पण त्यावर पुस्तक नव्हतं.

मग आरमार सरांनी एक बारकं पुस्तक आणलं. तीन बाजूंनी घेरलेली एक फौज, मागे समुद्र, आणि सेनापतीने कुणाला खबर न लागू देता सगळी माणसं होड्यांत घालून सुखरूप काढली. आठवडाभरात ते तिघांनी आळीपाळीने वाचलं. आणि जे कधी झालं नव्हतं ते झालं. तिघांचं एकमत.

"जिंकणं कुणालाही जमतं," सर म्हणाले. डोळ्यांत पाणीबिणी. "खरी अवघड चाल म्हणजे माघार. शिस्तीत. फौज शाबूत ठेवून."

"आणि शत्रूला कळू न देता," रणगाडे म्हणाले.

"शत्रूला कळू न देता?" मी ओरडलेच. "अहो, तुम्ही जावं हेच तर मावशीला हवंय!"

"तो तपशील झाला," सर म्हणाले.

मावशी जेवून जरा आडवी होते ती वेळ त्यांनी निवडली. गोदामातून रसदनी हातगाडी आणली, खोकी आणली, प्रत्येक खोक्यावर खडूने खूण केली. मी दारात आडवी उभी राहिले तर मला अलगद उचलून बाजूला ठेवलं, जसं काही मी पण खोकंच. पुस्तकं चालली. मी वाचत होते ते किल्ल्याचं पुस्तकही चाललं, अर्ध्यावर. रणगाडे सगळ्यात शेवटी, मिटलेली छत्री धरून उलटे चालत. पिछाडी सांभाळत होते म्हणे.

आणि मावशी? ती झोपलीच नव्हती. तिने स्वतः मागचं दार धरून ठेवलं. "सावकाश हं भाऊ, पायरी आहे. दोरी देऊ का? वरचं खोकं हलतंय." त्यांनी दोरी घेतली. थँक यू म्हणाले.

"पळपुटे!" मी मागून ओरडले.

सर गाडीमागून वळले. "पळणं आणि माघार यात फरक असतो. त्यावर..."

"पुस्तक आहे! माहितीये मला!"

संध्याकाळी मी इस्त्री अशी आपटत होते की टेबल हलत होतं.

"त्या शर्टाने काय घोडं मारलंय तुझं?" मावशी म्हणाली.

"मला हवी होती ती खोली."

"तुला?"

"मला. पुस्तकांसकट. त्या तिघांसकट."

मावशीने हातातली चादर खाली ठेवली. "मग तोंडाला काय कुलूप होतं? इतर वेळी तर घर डोक्यावर घेतेस. मशीन जिन्याखाली बसतंय की. मशीनवाला तेच सांगत होता, पाइप तिकडून जवळ पडतो. मी थांबले होते, कुणीतरी येऊन नाही म्हणेल म्हणून. तुम्ही आपले आत कागद रंगवत बसलात."

तुम्ही. म्हणजे त्यात मी पण. 

मी तशीच औषधाच्या दुकानात धावले. तिघेही तिथेच, काउंटरमागे स्टुलांवर. "काका, खोली मिळाली! मावशी हो म्हणाली. चला परत!"

तिघांचे चेहरे पडले.

"परत?" रणगाडे म्हणाले. "अगं, पण माघार पूर्ण झाली."

"आम्ही तिचा वृत्तांत लिहितोय," सर म्हणाले. "नकाशांसह."

"एक पुस्तक गमावलं नाही," रसद म्हणाले. "एका पुठ्ठ्याचा कोपरा तेवढा दुमडला. आता परत गेलो तर इतकं केलं ते कशाला, असं विचारतील लोक."

"कोण लोक?"

सर पुन्हा वृत्तांतावर वाकले. हलायला कुणी तयार नव्हतं. पुस्तकं तीन घरांत वाटली गेली होती आणि मला मिळाली होती रिकामी खोली, रिकाम्या रॅकसकट. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मग मावशीचं डोकं दुखायला लागलं म्हणून गोळी आणायला जावं लागलं. गप्प उभी होते, पण जीभ वळवळली. "चिखल असला की तुमचे रणगाडे काही कामाचे नाहीत. बैल बरे त्यापेक्षा."

रणगाडे लाल झाले. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत होती, ती तशीच ठेवून आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. "हे वाच, मग बोल."

पुस्तक मागच्या खोलीत आणलं, रिकाम्या रॅकवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसले. मग माझी ट्यूब पेटली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर सरांना गाठलं. "सर, पाणबुड्या उगाच असतात ना? लपून बसायचं, यात कसलं शौर्य?"  संध्याकाळी त्यांनी चार पुस्तकं आणून दिली. रसदना म्हटलं, किल्ल्यातले लोक भुकेने नाही, घाबरून हरले. माझं अर्धवट राहिलेलं पुस्तक तर मिळालंच, वर एक खोकं भरून आलं, गोदामाच्या गाडीतून. तेव्हा कळलं की प्रश्न विचारला तर एक पुस्तक मिळतं, आणि चुकीचं मत ठोकून दिलं तर ढीग. मी रोज काहीतरी चुकीचं बोलायला लागले. त्यात मी हुशार आहे.

रॅक जवळजवळ भरला तेव्हा रणगाडे आले. सरांशी कशावरून तरी जुंपली होती आणि त्यासाठी लागणारं पुस्तक माझ्याकडे होतं. खोलीच्या दारात येऊन ते थबकलेच.

"हे सगळं... इथे?"

"हो. इथेच बसून वाचायचं. बाहेर न्यायला मिळणार नाही."

"अगं, माझी आहेत ती!"

"मग या ना. बसा."

त्यांनी रॅककडे बघितलं. खुर्चीकडे बघितलं. मागून मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊ, आत तरी व्हा नाहीतर बाहेर, मला जाऊ द्या." ते आत झाले. बसले.

"म्हणजे तू आम्हाला एकेकटं गाठलंस."

"हो."

"चूक केलीस." चष्मा पुसत ते म्हणाले. "शत्रूला असं वेगळं पाडायचं तर आधी त्यांचं आपसातलं बोलणं तोडावं लागतं. आम्ही तर रोज भेटतो."

"मग तुम्हाला कळलं कसं नाही?"

त्यांनी चष्मा परत घातला. "एक ग्रंथ आहे. फार कुणाला देत नाही मी. पण तुझ्यासारखीने वाचायलाच हवा. उद्या पाठवतो."

"पाठवू नका. घेऊन या."

"दोन भाग आहेत. जड आहेत."

"मग सरांना आणि गोदामवाल्या काकांना हात लावायला सांगा."